कळ्या कोरड्या हव्यात

परवा पुण्याला भाचीकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर पंधरावीस तपकिरी बाटल्या मांडलेल्या. लव्हेंडर, बर्गमॉट, जिरेनियम, पचौली, वाळा. एका हातात ड्रॉपर, दुसऱ्या हातात पेन्सिल, समोर वही. "मावशी, बोलू नकोस, थेंब मोजतेय," म्हणाली. घरी परफ्यूम करत होती. मोजून झाल्यावर तिने मला शास्त्र समजावलं. लिंबाच्या जातीचे वास आधी येतात आणि पंधरावीस मिनिटांत उडून जातात. मग फुलं बोलायला लागतात, आणि वाळा, चंदन, पचौली संध्याकाळपर्यंत कातडीला धरून राहतात. तिन्ही मजले नीट बांधले तरच अत्तर उभं राहतं.

मी म्हटलं, "म्हणजे उटणं की!"

ती हसली. पण मी गंमत करत नव्हते. आमच्या सांगलीच्या घरी नवरात्र संपलं की आजी काष्ठौषधींच्या दुकानाची यादी करायची. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गव्हला, कचोरा, वाळा, जटामांसी. संत्र्याची साल आणि गुलाबाच्या पाकळ्या घरच्याच, आधीच्या थंडीत गच्चीवर वाळवून डब्यात ठेवलेल्या. मग खलबत्ता, मग मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ. कुटायचं काम आम्हा चुलत-आते भावंडांकडे असे, आणि नागरमोथ्याच्या गाठी इतक्या चिवट की पाळ्या लावून कुटाव्या लागत. प्रमाण विचारलं तर आजीचं उत्तर एकच: "मूळ जास्त, फूल कमी, साल चवीपुरती." भाचीच्या वहीत याच गोष्टीला तीन रकाने आणि टक्केवारी लागली होती.

आमच्या पिढीला, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत वाड्यांतून आणि चाळींतून वाढलेल्यांना, सुगंध बाटलीत भेटला तो फार उशिरा. त्याआधी तो फडताळात, माठात आणि ट्रंकेत असायचा. माठात वाळ्याची पुरचुंडी. गौरी-गणपतीत आणलेला केवडा विसर्जनानंतर थेट शालूंच्या ट्रंकेत. बकुळीची फुलं पुस्तकात किंवा घड्यांच्या मध्ये, कारण बकुळ सुकून तपकिरी झाली तरी वास सोडत नाही. सहाणेवरचं उरलेलं चंदन आत्या कानामागे लावायची आणि आम्ही तिच्याजवळ झोपायला भांडायचो. वेणीत मरव्याच्या जोडीला पाचेची पानं असायची. भाचीची पचौली हुंगली आणि लक्षात आलं, ही बया त्याच कुळातली आहे. नाव तेवढं साहेबी.

विकतचं अत्तर यायचं ते पेटीवाल्याकडून. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांतून बसवलेल्या कुप्या, काचेच्या बुचांच्या. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस, हा त्याचा क्रम. तो तळहाताच्या मागच्या बाजूला काडी फिरवायचा आणि बजावायचा की चोळू नका. आजोबा फाया करून कानाच्या पाळीत खोचत; बाकी कुणाला ती चैन नव्हती. लग्नात मात्र अत्तरदाणी आणि गुलाबदाणी माहेरच्या चांदीत मोजली जाई. कनोजला तांब्याच्या डेगीत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे अत्तरात फूल पाहुणं, चंदन यजमान. चंदन महागलं तसा स्वस्त अत्तरात पॅराफिनचा शिरकाव झाला. आमच्याकडे एकदा 'अस्सल चंदनी' म्हणून घेतलेली कुपी दुपारपर्यंत नुसती तेलकट होऊन बसली. आजीने ती शिवणयंत्राला वापरली, आणि यंत्र छान चाललं!

पण मला सांगायचंय ते मोगऱ्याच्या तेलाबद्दल.

परसात दोन वेल होते. चैत्र-वैशाखात त्यांना ऊत यायचा. आजी घाण्यावरचं तिळाचं तेल आणायची, रुंद तोंडाच्या चिनी मातीच्या बरणीत ओतायची आणि संध्याकाळी आम्हाला कळ्या काढायला पाठवायची. उमललेलं फूल नको, त्याच रात्री उमलेल अशी टपोरी कळी हवी. देठ नको, हिरवं काही नको. कळ्या तेलात सोडायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी फडताळात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाऱ्याने फुलं काढायची, हाताने हलकेच पिळायची आणि त्याच तेलात नव्या कळ्या. असं सात दिवस, कधी नऊ. तिसऱ्या दिवसापर्यंत तेलाला तिळाचाच वास असतो आणि वाटतं, श्रम वाया गेले. पाचव्या दिवशी फडताळ उघडलं की मोगरा समोर उभा.

एका वर्षी आजी गावाला गेली होती आणि वळवाचा पाऊस पडून गेला होता. आम्ही मुलींनी मोठ्या उत्साहाने भिजलेल्याच कळ्या बरणीत टाकल्या. चार दिवसांत तेल गढूळ झालं, तळाशी पाणी साचलं आणि वरती आंबूस, खवट वास. आजी आली, तिने बरणी नाकाजवळ नेली आणि एवढंच म्हणाली, "कळ्या कोरड्या हव्यात." ओरडली नाही. तेल फेकलंही नाही, समईत घातलं. पुढचा आठवडाभर देवघरात शिळ्या गजऱ्यासारखा वास येत होता आणि संध्याकाळी शुभंकरोती म्हणताना आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

आजीच्या या पद्धतीमागचं कारण भाचीने परवा सांगितलं. मोगरा, निशिगंध ही फुलं तोडल्यावरही तासन्‌तास गंध तयार करत राहतात आणि तेल किंवा चरबी तो शोषून घेते. उकळत्या वाफेत मात्र मोगऱ्याचा नाजूक वास बिघडतो. गुलाबाचं उलट. तोडला की त्याचं दुकान बंद होत जातं, म्हणून त्याला पहाटे तोडून लगेच भट्टीवर चढवायचं. संध्याकाळची कळी का, हे आजीला कुणी शिकवलं असेल ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा तिच्या सासूने, आणि त्या सासूला तिच्या सासूने; रीतच तेवढी जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या अभ्यंगासाठी फुलांनी वासवलेल्या तिळांचं तेल सांगितलं आहे. तिथे तीळ आधी वासवायचे आणि मग गाळायचे. आजी गाळलेलं तेल वासवायची. राजाकडे घाणा घरचा असणार, आम्हाला तो पेठेत होता.

गुलाबाची हौस धाकट्या काकाने केली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी जोडली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि पाव किलो पाकळ्या उकळल्या. दोन तासांनी जे निथळलं ते गुलाबपाणी होतं, आणि त्याला गुलाबापेक्षा सायकलच्या ट्यूबचा वास जास्त होता. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे काकाच्या पाव किलोतून, सगळं सुरळीत झालं असतं तरी, एखाददुसरा थेंब. काकूने कुकर ताब्यात घेतला आणि प्रयोग तिथेच संपला. त्या संध्याकाळच्या वरणाला गुलाबाचा वास होता की रबराचा, यावर घरात अजून दोन तट आहेत.

भाचीच्या बाटल्यांना मी नावं ठेवत नाही. तिच्याकडे परस नाही, सहावा मजला आहे. पण बाटलीतली तेलं फार जहाल असतात, थेट अंगाला लावायची नाहीत, हे तिलाही अनुभवाने कळलं. गेल्या मे महिन्यात बर्गमॉट मानेला लावून ती भर दुपारी स्कूटरवरून गेली, आणि ऊन लागलं तिथे आधी लाली आली, मग काळसर डाग, तो दोन महिने टिकला. लिंबाच्या जातीतल्या काही तेलांचं आणि उन्हाचं जमत नाही. आता ती बर्गमॉट रात्रीच वापरते, तेही दुसऱ्या तेलात पातळ करून. आमच्या तिळाच्या तेलाने कधी कुणाला भाजलं नाही. फार तर उशीचा अभ्रा तेलकट झाला. दीडशे रुपयांत जे होतं त्यासाठी दीड हजार मोजावेत का, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. पाहुणी होते.

निघताना तिने मला तिचं परफ्यूम लावलं. चांगलं होतं, खरंच. मग विचारलं, "मावशी, तुमच्या तेलाची कृती लिहून देशील?"

लिहून दिली. तुम्हालाही सांगते, मोगरा बाजारात असेल तेव्हा करून बघा. एक वाटी घाण्याचं तिळाचं तेल, रोज संध्याकाळी मूठभर टपोऱ्या कळ्या, सात दिवस. फूलवाले कळ्यांवर पाणी मारतात, म्हणून घरी आणल्यावर सुती पंचावर तासभर पसरून ठेवा. शेवटी तेल गाळून एक रात्र स्थिर ठेवा, तळाशी पाणी दिसलं तर वरचं तेवढं ओतून घ्या. तपकिरी बाटलीत भरा, बाटली उन्हापासून लांब. आणि वर तारीख लिहा. आजी कधी लिहायची नाही, त्यामुळे तिची शेवटची बाटली कोणत्या उन्हाळ्यातली होती यावर माझं आणि आत्याचं अजून एकमत नाही.