दापोलीचा हिवाळा आणि मोटारीचीं चाकें

दापोलीस थंडी पडते असें सांगितलें म्हणजे देशावरील मंडळी हंसतात. परंतु मार्गशीर्ष-पौषांत आमच्या माळावर पहाटे फिरावयास यावें, म्हणजे कानटोपीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. इंग्रजांच्या छावणीमुळें पडलेलें 'कँप' हें नांव अद्यापि लोकांच्या तोंडीं असलेला हा गांव पठारावर वसला आहे. समुद्र जवळ असूनहि येथें दंव चांगलें पडतें. या दंवाचा गुण मला गेल्या नाताळांत कळला.

पुण्याहून पुतण्या सहकुटुंब नवी मोटार घेऊन आला होता. सारीं मुरुडास गेलों. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें हें गांव. परंतु मुलांचें लक्ष समुद्राकडे. ओहोटीची पुळण टणक दिसली, मुलांनीं हट्ट धरला, आणि पुतण्यानें मोटार पाण्याच्या कडेकडेनें पळविली. परततांना मागचीं चाकें रुतलीं. भरती चढूं लागली. मेघदूतांत कालिदासानें मनुष्याच्या दशेला चाकाच्या धांवेची उपमा दिली आहे. पण तें चाक निदान फिरत तरी होतें! अखेर गांवच्या लोकांनीं फळ्या व दोर आणून गाडी ओढून काढली, तेव्हां लाटा दारापाशीं पोंचल्या होत्या.

घरीं येतांच मीं म्हटलें, "अरे, चाकें तेवढीं धुऊन घे."

"काका, सकाळीं बघूं," असें म्हणून तो निजला. ती सकाळ कांहीं उगवली नाहीं. चौथ्या दिवशीं निघण्याच्या वेळीं मोटार जागची हालेना. हातब्रेक ओढून ठेवला होता, आणि मागच्या चाकांचे ब्रेक गंजून धरले होते.

कारण साधें आहे. मीठ हवेंतील ओल शोषून घेतें आणि ओल्या मिठानें लोखंड झपाट्यानें गंजतें. ॲल्युमिनियमच्या चाकांवरील संरक्षक थरहि तें फोडतें. पावसाळ्यांत पाऊस निदान मीठ धुऊन तरी नेतो. हिवाळ्यांतील दंव मात्र तें ओलें ठेवतें, धुवीत नाहीं. थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, व तेथील लोक हिवाळाभर चाकें धूत असतात. आपल्याकडे तेंच मीठ समुद्र फुकट देतो.

म्हणून समुद्रावरून आल्यावर चाकें निवूं द्यावीं व त्याच सायंकाळीं गोड्या पाण्यानें, आंतल्या अंगासुद्धां, धुवावीं. नंतर गाडी थोडी चालवून, ब्रेक हलके दाबून ते सुकवावे. सपाट जागीं हातब्रेक न ओढतां गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांना दगड लावावे. टायरमधील हवाहि पहाटेच्या गारव्यांत तपासावी. हवामान पांच-सहा अंशांनीं उतरलें कीं दाब सुमारें १ पौंडानें घटतो.

परंतु खरा उपाय याहून सोपा आहे. याच थंडीच्या दिवसांत आंजर्लें, केळशी इत्यादि किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीचीं कांसवें रात्रीं येऊन वाळूंत अंडीं घालतात. चाकांखालीं तीं घरटीं दडपतात, आणि चाकोऱ्यांत सांपडलेलीं पिलें समुद्रापर्यंत पोंचत नाहींत. एका घटकेच्या गमतीपायीं आपलें लोखंड जातें आणि त्यांचा वंश जातो.

यंदा पुतण्यानें मोटार रस्त्यावरच उभी केली. मुलें अनवाणी वाळूवरून धांवलीं, आणि रात्रीं खाऱ्या वाऱ्याचा अंश नको म्हणून बादल्या भरून चाकेंहि त्यांनींच धुतलीं.