नावाची चौकट

चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत कोणते काम सांगता येत नाही याची यादी करायची झाली, तर कागद कोराच राहील. फलकावर सुविचार लिहायचा तो त्याने, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा तो त्याने, गणपतीचे मखरही त्यानेच करायचे. त्यात मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा. त्यामुळे काही वर्षांपूर्वी शाळेची वेबसाइट करायचे ठरले, त्या बैठकीत मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले तेव्हाच मी काय ते समजलो. "सर, तुम्हाला लिहिण्याचे अंग आहे, रंगांचे अंग आहे. वेबसाइट म्हणजे आणखी दुसरे काय असते?"

मी मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची एक परीक्षा. (आताची मुले दहावी म्हणतात, पण मॅट्रिक म्हटल्याखेरीज आपण काही केले असे मला वाटतच नाही.) उन्हाळ्याच्या सुट्टीत कादंबरीचे अर्धे प्रकरण बाजूला ठेवून मी एचटीएमएल शिकलो. नाव ऐकून दडपण आले होते, पण आत शिरल्यावर घर ओळखीचे निघाले. हस्तलिखित छापखान्यात जाताना त्याच्यावर खुणा करतात ना, की इथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक, हा मथळा? टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत असताना वेबच्या पानांसाठी जी भाषा रचली, ती अशाच खुणांची. बहुतेक खुणा उघडायच्या आणि काम संपले की मिटायच्या. सत्तराव्या पानावर उघडलेले अवतरणचिन्ह प्रकरण संपले तरी मिटलेले नाही, हे ज्याने स्वतःच्या कादंबरीत ती छापून आल्यावर पाहिले आहे, त्याला ही शिस्त निराळी शिकवावी लागत नाही.

शिवाय इथे मुद्रितशोधक फुकट मिळतो. १९९४ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम नावाची संस्था स्थापन झाली, तिने एक तपासनीस बसवून ठेवला आहे. त्याला आपल्या पानाचा पत्ता द्यावा, की तो ओळीच्या क्रमांकासह चुका काढून देतो. चूक नसेल तर हिरवी पट्टी दाखवतो. त्या हिरव्या पट्टीची मला चटक लागली.

"पण सर, ही चूक राहिली तरी पान दिसतेच की!" आमच्या गणिताच्या सरांनी एकदा विचारले. त्यांचे खरेच होते. खूण मिटायची राहिली तरी ब्राउझर रागावत नाही. आजी जशी नातवाच्या बोबड्या बोलांचा अर्थ लावून घेते तसा तो लावून घेतो. २००० साली एक्सएचटीएमएल नावाची कडक शिस्तीची आवृत्ती आली होती. तिच्या नियमांनी पाठवलेल्या पानात एक जरी खूण चुकली तरी सारे पान अडून राही आणि वाचकापुढे नुसती चुकीची सूचना येई. लोकांना ती शिस्त मानवली नाही. पुढे २०१४ साली एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीला मान्यता मिळाली. तिने उलट, चुकलेल्या मजकुराला सांभाळून कसे घ्यायचे याचेच सविस्तर नियम घालून दिले. त्यातल्या एकाचे नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. 'ॲडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम', म्हणजे दत्तकसंस्थेची रीत! ठळक अक्षराची खूण एकीकडे उघडून भलतीकडे मिटली, तर मधल्या पोरक्या मजकुराला आईबाप मिळवून देण्याची ती व्यवस्था. आणि तक्त्यात नको तिथे घुसलेला मजकूर उचलून तक्त्याच्या आधी नेऊन ठेवतात, त्याला म्हणतात 'फॉस्टर पॅरेंटिंग'. पोर शेजारणीकडे सांभाळायला ठेवावे तसे. ज्याला ही नावे सुचली तो माणूस घरी मुलांशी चांगला वागत असला पाहिजे, असे मला उगीचच वाटते.

गणिताच्या सरांना उत्तर मात्र मला देता आले नाही. मी इतकेच म्हणालो, की सवय आहे.

स्वतः लिहिलेले पान शुद्ध ठेवणे सोपे. पंचाईत होते ती पाहुण्यांची. शाळेचा रस्ता दाखवणारा नकाशा हवा, स्नेहसंमेलनाची चित्रफीत हवी, किती जण येऊन गेले ते मोजणारा काटा हवा. हे सारे बाहेरून मिळते. देणारे चार ओळींचा कोड देतात आणि हव्या त्या जागी चिकटवा म्हणतात. त्या ओळी कोणी लिहिल्या, कधी लिहिल्या, देव जाणे! आमच्या चित्रफितीच्या ओळींत 'फ्रेमबॉर्डर' नावाचा गुण होता, जो पाचव्या आवृत्तीने मोडीत काढलेला आहे. नकाशाची रुंदी 'शंभर टक्के' अशी लिहिलेली. त्या जागी नुसता पूर्णांक चालतो, टक्क्याची खूण चालत नाही. मी ते गुण काढून टाकी, कडा आणि रुंदी सीएसएसच्या पत्रकात लिही आणि पुन्हा तपासनिसाकडे जाई. वाचकहो, तुमच्या हातातल्या या अंकातही पाहुणे आहेतच. कथेची नायिका ऐन विरहात असते आणि शेजारी केसांच्या तेलाची बाटली उभी असते. पण संपादक त्या बाटलीभोवती एक रेघ ओढतो, म्हणून नायिकेचे अश्रू बाटलीत पडत नाहीत. माझ्याकडून नेमकी ती रेघ ओढायची राहिली.

२०२३ ची दिवाळी झाल्यावर शाळेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्याची तयारी सुरू झाली. माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीसाठी मी एक पान केले. त्यात चौकटी चारच: नाव, ई-मेल, दहावीचे वर्ष, फोन. अशा प्रत्येक चौकटीला एक आयडी द्यावा लागतो. हजेरीपटावरच्या क्रमांकासारखाच तो. एका पानात एक आयडी एकालाच. शेजारी लिहिलेला 'नाव' हा शब्द कोणत्या चौकटीचा, हे त्या आयडीवरूनच ठरते. मी 'नेम' आणि 'ईमेल' असे आयडी दिले. माझ्या पुस्तकात तसेच होते.

इतक्यात संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी काढले, की शाळेचे बातमीपत्र पाहिजे. फुकट बातमीपत्र पाठवणारी एक कंपनी सापडली. मोबदला म्हणून ती त्याच यादीला आपल्या जाहिरातीही पाठवणार होती. तिच्या कोडची एकच ओळ मी पानाच्या माथ्यावर चिकटवली. पान उघडताच तिथे दोन चौकटींची आणि एका बटणाची सुबक पेटी येऊन बसे. तपासनिसाने हिरवी पट्टी दाखवली. मी समाधानाने चहा प्यायलो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मेळावा झाला. एकशे बारा नोंदी होत्या, माणसे त्याहून जास्त आली. मी ज्याची वाट पाहत होतो तो मात्र आला नाही.

तो माझ्या वर्गात होता तेव्हा मी नवखा होतो. त्याला जन्मापासून दिसत नव्हते. चित्रकलेच्या तासाला अशा मुलाचे काय करायचे हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नाही. पहिले सहा महिने तो मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून असे आणि मी हजेरीपटावर त्याला हजर लावी. मग एकदा मूर्ती करून उरलेला शाडूचा गोळा मी त्याच्या हातात दिला. त्याने बैल केला. वशिंड, पोळी, मानेखालची वळी, सारे जिथल्या तिथे. तसा बैल माझ्या डोळस मुलांना पाहूनही जमला नव्हता. पुढे तो शिकला, मोठ्या शहरात बँकेत लागला. पण ते सहा महिने माझ्या खात्यावरून कधी उतरले नाहीत. मेळाव्याला तो दिसला नाही तेव्हा मनात आले, विसरला. आणि मग आले, का विसरू नये?

गुरुपौर्णिमेला त्याचा फोन आला.

"सर, मेळावा छान झाला म्हणे."

"अरे, पण तू आला नाहीस."

"बोलावणे कुठे आले, सर? मी नोंदणी केली होती. तेव्हापासून नुसती सवलतीची पत्रे येतात. आज चादरी, उद्या मिक्सर."

मी यादी पाहिली. त्यात त्याचे नाव नव्हते. मी म्हणालो, "बटण दाबायचे राहिले असेल." तो म्हणाला, "थांबा सर, ऐकाच तुम्ही," आणि त्याने फोन संगणकाजवळ धरला. त्याच्याकडे एनव्हीडीए नावाचा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ साली सुरू केला. ते स्वतःही दृष्टिहीन आहेत. त्याने एक कळ दाबली. यंत्राचा आवाज मराठीत म्हणाला, "नाव." पुन्हा कळ दाबली. "ई-मेल." पुढे बटण.

"बरोबर आहे ना, सर?"

इकडे मी तेच पान उघडून बसलो होतो. मी माझ्या 'नाव' या शब्दावर टिचकी मारली. लिहिण्याची उभी रेघ शेजारच्या चौकटीत उमटली नाही. पान सरकन वर गेले आणि ती रेघ माथ्यावरच्या पाहुण्यांच्या पेटीत जाऊन लुकलुकू लागली. हे मी पूर्वी पाहिलेले होते. मोबाइलवर पान असे उडी मारते हे मला दोनदा दिसले होते, आणि 'नेट मंद असेल' म्हणून मी ते सोडून दिले होते.

झाले होते ते असे. पत्ता दिला की तपासनीस पाठवलेला मजकूर वाचतो. त्यातला कोड तो चालवून पाहत नाही. माझ्या पानात पाहुण्यांची फक्त एक ओळ होती, आणि ती निर्दोष होती. पेटी नंतर येई, वाचणाऱ्याच्या घरी. मग मी ब्राउझरमध्ये पान पूर्ण उभे राहू दिले, त्याची तयार रचना जशीच्या तशी उचलून तपासनिसासमोर टाकली, तेव्हा तो बोलला: आयडी दोनदा आला आहे. 'नेम' दोनदा, 'ईमेल' दोनदा. या चुकीला दत्तकसंस्था नाही. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली आणि हाक मारली, तर पुढच्या बाकावरचा उभा राहतो. मागच्याला कोणी बोलावलेलेच नसते. माझे 'नाव' आणि 'ई-मेल' हे शब्द त्या परक्या पेटीला जाऊन चिकटले होते आणि माझ्या चौकटी निनावी झाल्या होत्या. डोळ्यांनी पाहणाऱ्या एकशे बारा जणांना हे कळायचे कारण नव्हते. ज्याला ऐकूनच भरायचे होते त्याने सांगितल्याप्रमाणे नाव लिहिले, पत्ता लिहिला, बटण दाबले, आणि सहा महिने चादरींची पत्रे ऐकली.

नियमांच्या पुस्तकाचीही एक गंमत सांगतो. वेब सर्वांना वापरता यावे म्हणून जी नियमावली आहे, तिच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत खुणांच्या शुद्धतेचे जुने कलम गाळून टाकले आहे. ब्राउझर आता स्वतःच सांभाळून घेतात म्हणून. पण प्रत्येक चौकटीचे नाव यंत्राला कळले पाहिजे, हे दुसरे कलम तसेच आहे. माझा गुन्हा त्या दुसऱ्या कलमाखाली येत होता.

कंपनीला मी सविस्तर लिहिले. आमचा कोड सगळीकडे चालतो, असे दोन ओळींचे उत्तर आले. पेटी काढून टाकावी म्हटले तर पदाधिकारी ऐकेनात. तेव्हा मी राहिलेली रेघ ओढली. पाहुण्यांची ओळ एका निराळ्या छोट्या पानात ठेवली आणि ते पान आयफ्रेममधून, म्हणजे पानाच्या आतल्या स्वतंत्र चौकटीतून दाखवले. आत ते कोणतेही आयडी लावोत; ते घर वेगळे, त्यांचा हजेरीपट वेगळा. त्या चौकटीला 'बातमीपत्र' असे शीर्षक दिले, म्हणजे ऐकणाऱ्याला उंबऱ्यावरच कळावे की आपण कोणाच्या घरात शिरतो आहोत.

माझ्या आयडींचे काय करावे याचा मी रात्री विचार करीत होतो. चौथ्या आवृत्तीत आयडी रोमन अक्षरानेच सुरू व्हावा लागे. पाचवीने ती अट काढली. मध्ये मोकळी जागा सोडू नका, एवढेच ती म्हणते. मी उठलो आणि 'नेम' पुसून तिथे देवनागरीत लिहिले: नाव. आता कोणत्या परक्या कंपनीची पेटी या हाकेला ओ देणार होती?

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला आणि पुन्हा नोंदणी करायला सांगितली. मेळावा होऊन पाच महिने झाले होते. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. मी फोन कानाला लावून ऐकत होतो. यंत्र म्हणाले, "नाव." मग त्याच्या बोटांचा आवाज. माझ्यासमोरच्या यादीत एकशे तेरावी ओळ उमटली.

"आली का, सर?"

"आली रे."

"पुढचा मेळावा कधी?"

"शंभरीला."

"चालेल. तोपर्यंत त्या कंपनीच्या यादीतून माझे नाव तेवढे काढवा."

मी त्यांना दोनदा लिहिले आहे. पत्रे अजून येतातच. परवा त्याने कळवले, की या खेपेला आकाशकंदील निम्म्या किमतीत आहेत, आणि एक त्याने माझ्या पत्त्यावर पाठवला आहे.