केमच्या वाटेवरचे बंगाली सूर

सोलापूरहून पुण्याकडे निघालेली पॅसेंजर कुर्डुवाडी सोडते आणि जरा डोळा लागतोय तोवर केम येतं. कुंकवासाठी नावाजलेलं गाव. त्यापुढे जेऊर. खिडकीबाहेर बाभळी, उसाचे फड, मध्येच नांगरून टाकलेली काळी ढेकळं. मागे एकदा समोरच्या बाकावरच्या मावशी शेंगा सोलता सोलता थांबल्या आणि बाहेर बोट दाखवून म्हणाल्या, "सैराट हितंच काढलाय की ओ." मग गुणगुणायला लागल्या. शब्द नाहीत, नुसती चाल. कडवं संपलं की आपण श्वास घेतो; त्या थांबल्या नाहीत. मधला व्हायोलिनचा तुकडाही त्यांनी तोंडानं पुरा केला आणि मगच पुढची शेंग फोडली.

तो तुकडा कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत वाजला होता. सोनी स्कोअरिंग स्टेज हे त्या जागेचं नाव. पूर्वी ती एमजीएमची होती आणि 1939 च्या 'विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत तिथंच ध्वनिमुद्रित झालं. संगीतकार अजय-अतुल 'सैराट' चित्रपटासाठी तिथं गेले, तोवर कुठल्याही भारतीय चित्रपटाचा वाद्यवृंद त्या जागी ध्वनिमुद्रित झाला नव्हता. तिथले वादक समोरचं स्वरलेखन वाचतात, कानातल्या हेडफोनमध्ये लयीचे ठोके टिकटिकत असतात आणि कागदावर लिहिलंय तितकंच, पण जीव ओतून वाजवतात. सिनेमातला नायक परशा विहिरीकडे का धावतोय हे त्या कागदावर कुठून असणार! तिथं फक्त हळू, चढत, आणखी चढत, एवढंच. ते 'चढत' किती चढवायचं हे मात्र ज्यांनी ठरवलं, त्या दोघा भावांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या नोकरीमागे पुणे जिल्ह्यातल्या गावांतून गेलं. संगीताचं रीतसर शिक्षण दोघांचंही नाही.

खेड्यातल्या प्रेमाच्या वाट्याला आपल्या सिनेमात बहुतेक वेळा एक बासरी आणि एक ढोलकी येते. भरगच्च वाद्यवृंद राजवाड्यांसाठी, लढायांसाठी, बर्फाच्या डोंगरांसाठी राखलेला. इथं तो मासे धरणाऱ्याच्या पोराला मिळाला. उजनीच्या पाण्याला मिळाला, केळीच्या बागेला मिळाला. आमच्या या रखरखीत मुलखाला इतक्या थाटात कुणी ऐकवलं असेल असं मला आठवत नाही. माझ्या लेखी 'सैराट'च्या संगीताचं मोठेपण हेच आहे. बाकीचे विक्रम मागाहून आले.

आणि त्यात एक गळा बंगालचा आहे. श्रेया घोषालचा जन्म मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरमपूरचा, बालपण राजस्थानातल्या रावतभाट्याचं. 'आताच बया का बावरलं' हे गाणं तिचं. हे शीर्षक नुसतं बोलून बघा. 'बया'तला ब, 'बावरलं'मध्ये लगेच ब आणि व शेजारी शेजारी. बंगालीत व असा वेगळा उरतच नाही, त्याचाही ब होतो. 'आताच'मधला च तर परप्रांतीयांची परीक्षाच बघतो. तो 'चहा'तला च नव्हे, 'चमचा'तला, दातांमागे जीभ लावून काढायचा. मी हे गाणं कान टवकारून, चूक सापडावी म्हणून ऐकलेलं आहे. सापडली नाही. उलट 'बया' म्हणताना आपल्याकडच्या बायका जो एक हेल काढतात, तोही तिथं सापडला.

'सैराट'च्या आधी श्रेयानं 'जोगवा' या मराठी चित्रपटासाठी गायलं होतं. 2008 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वगायिकेचा मान श्रेयाला मिळाला तो दोन गाण्यांसाठी मिळून. एक 'जोगवा'तलं 'जीव रंगला', दुसरं शंतनू मोइत्रांनी बांधलेलं बंगाली 'अंतहीन'मधलं. यल्लमाच्या जोगत्याची वेदना आणि कोलकात्याच्या शहरी एकटेपणाची हुरहुर एकाच नावापुढे, एकाच ओळीत आली. मला ती ओळ फार आवडते. मराठीला बंगाली गळ्याचं तसं अप्रूप नाही म्हणा. 'मी डोलकर' हेमंतकुमारांनी गायलं तेव्हापासून तो आवाज आपल्या घरातलाच झाला.

केम-जेऊरच्या या करमाळा तालुक्याची बंगालशी गाठ मात्र 'सैराट'च्या आधीच पडली होती. 'सैराट'चे दिग्दर्शक, जेऊरचे नागराज मंजुळे, यांचा पहिला चित्रपट 'फँड्री'. त्यातला जब्या म्हणजे केमचा सोमनाथ अवघडे, हलगी वाजवणारा पोरगा. पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्तांचं. बंगाली दिग्दर्शक आणि कवी बुद्धदेव दासगुप्तांची ही मुलगी. आलोकनंदांचं संगीत फार जपून येतं. जिथं पोराच्या मनात हलतंय तिथंच ते हलतं, नाहीतर पाखरांना, माणसांना, डुकरांना बोलू देतं. हलगीच्या मुलखात येऊन हलगीवर कुरघोडी न करणं, याला मी मोठी समज म्हणतो.

आणि त्याच चित्रपटात एक बंगाली गाणंही आहे, ते आपण बंगाली म्हणून ऐकतच नाही. जब्याचं घर डुक्कर धरायला धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. रवींद्रनाथांचं, 1911 साली कोलकात्यात पहिल्यांदा गायलेलं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नाही, ते निघून जातं. या प्रसंगासाठी संगीतकाराला एक सूरही लिहावा लागला नाही. गाणं कुठं ठेवायचं एवढंच दिग्दर्शकानं ठरवलं आणि लहानपणापासून पाठ असलेलं ते गीत मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. घशात काहीतरी अडकलं, ते अजून तिथंच आहे.

कुठं वाजवायचं यापेक्षा कुठं वाजवायचं नाही हे ठरवणं अवघड. 'सैराट'ची चारही गाणी मध्यंतराच्या आत संपतात. 2016 च्या मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, मी आईला घेऊन गेलो होतो. 'झिंगाट' लागलं तशी पुढच्या रांगांतली पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे गेली, नाणी उधळली, आई टाळ्या वाजवत होती. मग गाणी संपली, हैदराबाद आलं, पत्र्याची खोली आली, भांडणं आली, बाळ आलं. आणि शेवटी ते बाळ रक्तात पाय भिजवून रडत बाहेर चालत येतं तेव्हा पडद्यावर आवाजच नाही. व्हायोलिन नाही, रडण्याचाही आवाज नाही. तासा-दीड तासापूर्वी याच पोरांनी दणाणून सोडलेल्या थिएटरात मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. कुणीतरी नाक ओढलं. दिवे लागले तरी माणसं बसून.

बाहेर रिक्षा केली. रिक्षावाल्यानं सवयीनं टेप लावला, तीच गाणी, तोच भरगच्च वाद्यवृंद. आई बाहेर तोंड करून बसली होती. सात रस्त्यापाशी तिनं पुढे वाकून विचारलं, "दादा, जरा बंद करता का?"

त्यानं का म्हणून विचारलं नाही. हात लांब करून बटण फिरवलं. त्यानंही पाहिला असावा.