पास-नापास

१९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. 'पास' हा शब्द उपनगरात त्या गाडीतूनच उतरला असावा, असे मला आपले वाटते. लोकलचा पास काढायचा, पोरगा पास व्हायला हवा, नाटकाचा फुकट पास कुणी देईल का यावर डोळा, आणि यातून वेळ उरलाच तर टाइमपास! शिवाय आपण त्याला फारसीतला 'ना' जोडून 'नापास' घडवला. हा शब्द इंग्रजाला सात जन्मांत सुचला नसता.

शेजारची मुलगी कॉलेजात फ्रेंच शिकते. मार्क चांगले पडतात म्हणे. परवा चकल्यांची ताटली घेऊन आली नि म्हणाली, "काका, फ्रेंचमध्ये परीक्षा 'पासे' करणे म्हणजे काय?"

"म्हणजे पेढे."

"छे! नुसते परीक्षेला बसायचे. निकाल काही का लागेना. उत्तीर्ण होण्याला वेगळे क्रियापद आहे, रेयुसीर."

मी थक्क झालो. मॅट्रिकला पहिल्या खेपेस माझे इंग्रजी गेले, तेव्हा वडिलांना फ्रेंच येत असते तर निदान त्या रात्री घरात सगळे जेवले तरी असते.

मग तिच्या शब्दकोशात मी तासभर रमलो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाऊल. पासपोर्ट फ्रेंचांचा, इंग्रजांचा 'पासटाइम'ही त्यांच्या 'पास-ताँ'वरून बेतलेला. लोकलच्या पासाला मात्र ते 'अबोनमाँ' म्हणतात; वर्तमानपत्राची वर्गणीही अबोनमाँच. आणि गंमत अशी, की त्यांच्यात 'पा' म्हणजे पाऊल, आणि नकारालाही 'पा'च. एक पाऊलही नाही, म्हणता म्हणता पाऊल गळून नुसता नकार उरला.

दुसऱ्याच दिवशी अंधेरीला गाडीत चढलो, तो कानावर आले, "टाइऽमपास! टाइऽमपास!" गळ्यात शेंगदाण्याच्या पुड्यांची टोपली. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात दहावीला गणितात राहिलेला मुलगा. निकालाच्या दिवशी मी त्याला चार शब्द बोललो होतो. ते बरे नव्हते. मला पाहताच त्याचा आवाज बसला. मग त्याने एक पुडी पुढे केली. पैसे काही केल्या घेईना.

कांदिवलीला दोघेही उतरलो. "पुन्हा बसणार का रे परीक्षेला?" मी विचारले. तो हसला, आणि पलीकडची गाडी गाठायला टोपलीसकट रुळांवर उतरला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो पलीकडे चढला, हात हलवला. शेजारीच पाटी होती: रूळ ओलांडणे गुन्हा आहे. रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम. त्याखाली इंग्रजी शब्द, ट्रेसपास.

रात्री पुन्हा तो कोश मागून आणला. हाही शब्द फ्रेंचच. पलीकडे जाणे, हा जुना अर्थ. इंग्रजीत त्याचा गुन्हा झाला. फ्रेंचमध्ये आज 'त्रेपासे' म्हणजे मरणे.

परीक्षेचा फॉर्म खिशात घालून चार दिवस त्याच गाडीने गेलो. शनिवारी तो भेटला.

"सर, पुडी?"

"पैसे घेशील तर. आणि हे बघ, आज माझ्याबरोबर पुलावरून यायचे. मला तुझ्याशी थोडे बोलायचे आहे."

पूल चढताना टोपली मी धरली.