ईसीजी मशीन आणि माझी निवृत्ती

गेल्या महिन्यात एका आजोबांचा ईसीजी काढला. कागदावर मोजले तर मिनिटाला ९६ ठोके, मनगटावर बोटं ठेवून मोजले तर ७२. पुन्हा मोजले, तेच. आजोबा ठीक होते, बिघाड मशीनमध्ये होता.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकावा लागतो. तो हळू सरकला की ठोके जवळजवळ छापले जातात आणि नाडी जलद वाटते. मशीन लगेच बाजूला ठेवलं.

चार दिवस फोन केल्यावर सर्व्हिस इंजिनिअर आला. "सर, रोलर झिजलाय. या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. नवीनच घ्या."

माझं वय ६४. दोन वर्षांत दवाखाना बंद करायचाय. एवढ्यासाठी नवीन मशीन? पण या दोन वर्षांतही छातीत दुखणारा पेशंट येणारच. घेतलं.

मग मनात आलं, मशीनची एएमसी मी दरवर्षी न चुकता भरली. माझ्यानंतर पेशंटचं काय, याची तयारी मात्र केलीच नाही. आता बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटला एक पान लिहून देतोय: आजार, औषधं, डोस, अ‍ॅलर्जी.

तुम्हीही एक करा. ईसीजीचा थर्मल कागद काही वर्षांत पुसट होतो. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या डॉक्टरांना जुन्या ईसीजीशी तुलना करता येते. मात्र छातीत दुखू लागलं तर कागद शोधत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा.