रसाला लागणारी जागा

तळलेला पदार्थ पाकात सोडला की तो गोड होतो, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी पाक आत शिरावा यासाठी त्या पदार्थाच्या पोटात आधी जागा व्हावी लागते, आणि जिलबीची सारी कला ही जागा करण्यातच आहे. मैद्याचे सैल पीठ आंबते तेव्हा त्यात वायू धरतो. हे पीठ छिद्राच्या फडक्यातून पसरट कढईतल्या तापल्या तुपात वेढे घेत उतरले, की वायू आणि वाफ मिळून प्रत्येक वेढा आतून पोकळ करतात, आणि कोमट एकतारी पाकात, म्हणजे दोन बोटांमध्ये ज्याची एक तार ओढली जाते अशा पाकात, ती पोकळी रसाने भरून जाते.

तुर्कस्तानातील ‘लोकमा’ हा याच कुळातला पदार्थ होय. आंबवलेल्या पिठाचे हे गोळे तळून थंड पाकात सोडतात. त्यांच्या नावाचा मूळ अरबी अर्थ ‘घास’ असा असून, दिवंगताच्या स्मरणार्थ ते येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटण्याची रीत तिकडे आहे. जिलबीचे नावही अरबी ‘झलाबिया’शी जोडले जाते. हा शब्द दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात आढळतो, पंधराव्या शतकात जिनसूर या जैन लेखकाच्या ‘प्रियंकरनृपकथे’त जिलबीचा उल्लेख येतो, आणि सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांच्या ‘भोजनकुतूहला’त तिची कृती सापडते. भारतीय ग्रंथांतला हा माग पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी चिकाटीने काढला.

जिलबीतल्या रसाप्रमाणे काव्यातल्या रसालाही जागा लागते, आणि त्या रसाचे विदर्भातील वाशीमशी एक निराळे नाते आहे. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी असलेले ‘वत्सगुल्म’ ते हेच नगर, आणि संस्कृत साहित्यशास्त्रकार राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या या रूपकात्मक जोडप्याचा विवाह येथेच लावला. वैदर्भी रीतीला, म्हणजे विदर्भाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनाशैलीला, त्याने ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ म्हटले, ते या नगरावरूनच. माधुर्य हा या रीतीचा प्राण मानला गेला, आणि समासांची दाटी टाळणे हे तिचे लक्षण. शब्द एकमेकांत गच्च न गुंतल्यामुळे त्यांच्यामध्ये मोकळीक उरते आणि तिथे रस ठरतो.

स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन आटोपून कागदाच्या पुड्यातून घरोघरी जाणारी जिलबी जागेचे हे शास्त्र जाणत नाही, परंतु दाताखाली वेढा मोडताच जो रस ओघळतो, तो त्या शास्त्राचाच दाखला असतो.