साडेआठचं शटर

शनिवार सकाळ. धुण्याचं मशीन लावलंय, कुकरची दुसरी शिट्टी झालीय आणि तिसरीची वाट बघत मी हे लिहितोय. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस एकटा राहायला लागला की आयुष्य असं शिट्ट्यांवर मोजलं जातं. बायको नोकरीमुळे नागपूरला, लेक यंदा बारावीला आणि बाबा लाखांदूरला. मी स्टुटगार्टला. चार माणसं, तीन स्वयंपाकघरं. असो.

लाखांदूर कुठे, हे पुण्यात नोकरी करताना दर आठवड्याला एकदा तरी समजवावं लागायचं. भंडारा जिल्हा म्हटलं की लोक मान डोलवायचे, म्हणजे कळलेलं नसायचं. वैनगंगेच्या अलीकडचं तालुक्याचं गाव, धानाचा मुलूख, रेल्वेला जायचं तर शेजारच्या जिल्ह्यातल्या वडशाला. इथे ती भानगडच नाही. इथे 'इंडिया' म्हटलं की पुरतं. एखादा जाणकार भेटला तर सांगतो की मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मी हसून होकार देतो. आमच्या गावाला मुंबईसुद्धा परदेशच, हे त्याला कुठे सांगत बसू?

तर पहिल्याच आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक छोटी पाटी अडकवून गेलं. वर सुबक अक्षरात 'केअरवॉखे' असं काहीतरी. मला वाटलं, नव्या भाडेकरूचं स्वागत असेल. मी ती आत आणून खिळ्याला टांगली. छान दिसत होती. दोन आठवड्यांनी बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या आजी, हातात झाडू, चेहऱ्यावर शाळेतल्या हेडबाईंचे भाव. पाटी म्हणजे स्वागत नव्हतं, ड्यूटी होती! ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा आणि मग पाटी पुढच्या दाराला लावायची. या भागातली ही फार जुनी रीत. मी पाटी भिंतीवर लावून अख्ख्या बिल्डिंगचं चक्र थांबवलं होतं :)

मी ओशाळून बादली घेतली आणि आपल्याकडे पुसतात तसा उकिडवा बसून, फडक्यानं एकेक पायरी पुसत खाली आलो. आजी खाली उभ्या राहून बघत होत्या. शेवटच्या पायरीला त्यांनी विचारलं, "तुमचे गुडघे दुखत नाहीत?" आमची ओळख ही अशी झाली.

आजींचं वय ब्याऐंशी. बोलतात त्या श्वेबिश, म्हणजे या भागातली बोली. मी क्लासमध्ये शिकलेली जर्मन आणि आजींची जर्मन यांचा संबंध पाठ्यपुस्तकातली मराठी आणि आमची झाडीबोली यांच्याइतकाच. 'थोडंसं'साठी क्लासमधली बाई 'बिसशेन' म्हणायची, आजी 'बिस्ले' म्हणतात. लहान, लाडकी वस्तू असली की शेवटी 'ले' लावून मोकळ्या. उत्तरेकडचे लोक या बोलीला हसतात म्हणे. पण गंमत बघा, या राज्यानं १९९९ साली स्वतःची जाहिरात केली तीच मुळी अशी की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. ती जाहिरात वीस वर्षांहून जास्त चालली.

मला एकदम पुण्यातलं पहिलं वर्ष आठवलं. मेसमध्ये 'पानी' मागितलं तेव्हा टेबलावर पिकलेला हशा. आमच्या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. डोळ्याला डोरा म्हणायचं. त्यानंतर मी 'ण' इतका घोटून म्हणायला शिकलो की पुढे बाबाच म्हणाले, "फोनवर कोन हाय, मले वाटलं बँकवाला हाय." विशीतलं पोरगं ते, त्याला वाटलं चूक आपलीच आहे. आपली बोली आपणच जाहिरातीत मिरवावी, हे तेव्हा सुचलं नाही.

हळूहळू रविवारी दुपारचा चहा ठरून गेला. रविवारी इथे दुकानं बंद, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो. एकट्या माणसाला इथला रविवार खायला उठतो. मी एकदा बाबांनी दिलेल्या एचएमटी तांदळाचा भात आणि लाखोळीचं वरण घेऊन गेलो. आजींनी विचारलं, तांदळाला हे कसलं नाव? मग दादाजी खोब्रागडेंची गोष्ट सांगितली. आमच्या पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, दीड-दोन एकरांचे शेतकरी. १९८३ साली त्यांना 'पटेल ३' वाणाच्या बांधीत काही लोंब्या जरा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून हा बारीक तांदूळ तयार झाला आणि त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं. २०१८ साली ते गेले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तो माणूस रोज शेताकडे नीट बघत होता." एवढंच.

त्याच रविवारी त्यांनी मला त्यांच्या घराची किल्ली दिली. इथे खिडक्यांना बाहेरून गुंडाळायची शटरं असतात, रात्री खाली, सकाळी वर. आजी म्हणाल्या, माझं स्वयंपाकघराचं शटर साडेआठपर्यंत वर गेलेलं नसेल तर बेल वाजवायची. बेल वाजवून उघडलं नाही तर किल्ली. इतक्या कोरडेपणानं सांगितलं, जणू दुधाचा रतीब लावतायत.

सात महिने शटर रोज वर. मग मार्चमधला एक गुरुवार. सकाळी आठला इंडिया टीमबरोबर कॉल, नेहमीप्रमाणे लांबलेला. आठ पन्नासला बॅग घेऊन खाली उतरलो, सवयीनं खिडकीकडे बघितलं. शटर खाली.

बेल. पुन्हा बेल. किल्ली लावताना हात थरथरत होता. आजी बाथरूमच्या फरशीवर पडलेल्या होत्या, पहाटे पाचपासून. शुद्धीवर होत्या. टॉवेल ओढून अंगावर घेतला होता. मी ११२ फिरवला आणि दोन वर्षं शिकलेली सगळी जर्मन डोक्यातून उडून गेली. पत्ता, "आजी पडल्या", पुन्हा पत्ता, एवढंच बोलत राहिलो. तेवढं पुरलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्याजवळ फरशीवर बसलो. उकिडवा. त्यांनी विचारलं, किती वाजले? म्हटलं, आठ पंचावन्न. म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं उशीर."

खुब्याचं हाड मोडलं होतं.

हापिसात गेलो पण काम सुचेना. लंच टाइमला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, बाबांना फोन लावला.

"काहून रे, आज गुरुवारीच फोन?"

सगळं सांगितलं आणि शेवटी जे विचारायचं मी चार वर्षं टाळत होतो ते विचारलं. बाबा, तुम्ही असे पडलात तर कुणाला कळेल? नागपूरला सुनेकडे का जात नाही?

बाबा हसले. "अरे, सकाळी सातले टपरीवर चहाले नाही पोचलो ना, तर साडेसातले चार जनं दारात. मागच्या मंडईत मी वडशाच्या कंपनीचा नाटक पाहाले शेजारच्या गावी गेलो, रातभर चालला, तिकडंच झोपलो. सांगितलं नव्हतं कोनाले. तर शेजाऱ्यानं कडी तोडली!" मग थोडं थांबून म्हणाले, "मले सोड. तुज्या दारात कोन येते?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हापिसात दोन दिवस नाही गेलो तर लोकांना वाटेल घरून काम करतोय. बायकोला फोन लागला नाही तर वाटेल मीटिंगमध्ये आहे. माझ्या गैरहजेरीला आता इतकी चांगली कारणं आहेत की मी खरंच नसलो तरी दोन दिवस कुणाला कळायचं नाही.

आठ दिवसांनी हॉस्पिटलमध्ये आजींना हे म्हणून दाखवलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा स्वयंपाकघरातला दिवा सकाळी सव्वासहाला लागतो. शनिवारी आठला. एकदा जानेवारीत साडेसातपर्यंत लागला नव्हता, मी बूट घालून जिन्यापर्यंत आले होते. मग लागला." मला जानेवारीतला तो दिवस आठवला. ताप होता.

माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हा एक फॉर्म होता. काँट्रॅक्ट आणखी दोन वर्षांनी वाढवायचं का? पगार चांगला, लेकीच्या इंजिनीअरिंगचा खर्च समोर. बायको म्हणाली होती, तू ठरव. मी तीन आठवडे तो फॉर्म फक्त इकडून तिकडे सरकवत होतो. परवा शुक्रवारी 'नाही'वर खूण करून देऊन टाकला. बाबांची काळजी वाटते म्हणून, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. बाबांची काळजी चार जणं घेतायत. पण त्या टपरीवरच्या चार जणांत मी नाही, आणि बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. कधीतरी कडी मीच वाजवायला हवी.

आजींना सांगणं जास्त अवघड होतं. त्या आता घरी परतल्यात, चारचाकी वॉकर घेऊन. मुलगा हॅम्बुर्गहून आला होता, वृद्धाश्रमाची पत्रकं टेबलावर ठेवून गेला. त्या पत्रकांवर आजी सध्या बटाटे सोलतात. मी म्हटलं, ऑक्टोबरअखेर मी जाणार. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, तुमच्या जागी कोण येणार? म्हटलं, माहीत नाही, घरमालक ठरवेल. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "आल्यावर त्याला आधी पाटी शिकवू."

तिसरी शिट्टी झाली. आणि हो, या आठवड्यात पाटी माझ्या दाराला आहे. जिना पुसायचाय.